इंद्रभानच्या मोबाइलात अख्खं गाव

...फोडलं कोणीतरी! नाव घेत नाही मी, मला कोणाचं नावच घ्यायचं नाही, पण फोडलं, आणि ज्यानं फोडलं तो आत्ता इथंच बसलेला असेल, पहिल्या रांगेत असेल, तिसऱ्या रांगेत असेल, आणि अशी मान हलवत असेल की जणू 'अरेरे, कोण असेल बाई तो हलकट?'... नाही, तुम्ही नाही काका, तुम्ही पाणी प्या. मी सगळ्यांना मिळून बोलते. कारण तुम्हाला सांगते, सकाळी सव्वाआठला जी गोष्ट आमच्या फाट्यावर निघाली ती साडेआठच्या एसटीनं पिंपळगाव राजाला पोचली, दहाला खामगावला, आणि संध्याकाळी पार लोणारला, आणि ज्या बाईची ती गोष्ट, तिला ती कधी कळली? नवव्या दिवशी! आपल्याच छातीत काय आहे हे कळायला बाईला नऊ दिवस, आणि लोणारला अर्धा दिवस! आणि तिनं अंगठा दिला त्या फॉर्मवर खाली काय छापलं होतं? 'आपली माहिती गोपनीय ठेवली जाईल.'

ठेवली की! कशी ठेवली तेच तर सांगायला उभी आहे.

बाई म्हणजे कलाबाई. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवते. शिजवायची. अकरा वर्षं. नवऱ्याची तेरवी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं शाळेची पळी हातात घेतली ती खाली ठेवली नाही. लेकरं बासष्ट. त्यातलं कोण वाटाणे वेचून ताटाच्या काठाला रांगेत लावतं, कोणाला तिखट लागतं, कोण घरून उपाशी येतं आणि दुसऱ्यांदा मागायला लाजतं, म्हणून त्याला 'अरे सांडलं वाटते तुह्या ताटात' असं म्हणून कसं वाढायचं, हे सगळं तिच्या डोक्यात. कुठल्या टॅबमध्ये नाही, डोक्यात! घरी एकटी. लेक लोणारला दिलेली. घरात तिला हाक मारायला एक मांजर, तेही दुधापुरतं. पण शाळेत 'कलामाय, कलामाय' करणारी बासष्ट तोंडं. तिचं जे काही होतं ते त्या पळीत होतं. पळी गेली की ती कोण? कोपऱ्यातल्या घरातली खोकणारी म्हातारी.

हां, खोकला. आता अकरा वर्षं तुराट्या-पऱ्हाट्याच्या धुरापुढं बसल्यावर माणूस काय गाणं म्हणेल? शाळेला गॅस मंजूर आहे. मंजूरच आहे. रोज अकरा वाजता फोडणी पडायची, मिरचीचा ठसका उठायचा, कलाबाई खोकायची, आणि तो खोकला ऐकला की पोरं दप्तरातून ताटं काढायची. घंटेची गरजच नव्हती.

तर गावात आली मोहीम. आजार होण्याआधीच पकडायचा म्हणे. उत्तम! मी काही मोहिमेच्या विरोधात नाही, आधीच सांगून ठेवते, नाहीतर उद्या तुम्ही म्हणाल, पोरगी शिकली आणि तपासणीच्या विरोधात गेली. तपासा ना! रक्त तपासा, शुगर तपासा, छाती तपासा. गाडी आली, पांढरी, बाजूला हसणाऱ्या कुटुंबाचा फोटो, आणि गाडीतून उतरला हर्षल. कंत्राटी. हातात टॅब, डोळ्याखाली काळं, दिवसाला शंभर फॉर्म भरायचे, नाहीतर वरून फोन. बिचारा श्वास घ्यायचा तोही प्रश्नचिन्ह लावून. 'वय? वजन? तंबाखू? झोप? उदास वाटतं? पुढे!'

कलाबाईचा नंबर आला.

'काकू, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला?'

'दोन आठवडे? बाबू, अकरा वर्सं झाले.'

आता टॅबमध्ये अकरा वर्षांचं बटणच नव्हतं. 'हो' होतं आणि 'नाही' होतं. धुराचं बटण? चुलीचं? नाही! त्यानं दाबलं 'हो'.

'मोबाइल नंबर?'

'फोन नाही ना बाबू मायापाशी.'

'काकू, नंबराशिवाय फॉर्म पुढं सरकत नाही.'

आणि इथं, तुम्हाला सांगते, इथं आमच्या गावानं जे डोकं चालवलं ते दुसऱ्या कुठल्या गावाला सुचलंच नसतं. कारण कलाबाईसारखे गावात अर्धे. कोणाचा फोन बंद, कोणाचा रिचार्ज संपलेला, कोणाचा फोन नवऱ्यापाशी आणि नवरा पुण्यात, कोणाचा फोन चालू पण घरात टॉवर लागत नाही. टॉवर लागतो एकाच ठिकाणी, फाट्यावर, एसटीच्या थांब्यात, आणि थांब्याला चिकटून इंद्रभानचं झेरॉक्स-रिचार्जचं दुकान. इंद्रभान वाईट माणूस नाही. मुद्दाम सांगते, कारण वाईट असता तर बरं झालं असतं, वाईट माणसाला शिव्या देता येतात. हा पडला चांगला! छातीवर हात मारून म्हणाला,

'टाक मायाच नंबर! इथं ओटीपी आला का लगेच सांगतो. आपल्याच गावचे लोकं हायेत ना बे!'

हर्षलच्या डोळ्यात पाणी यायचं बाकी राहिलं. सटासट फॉर्म. दोन दिवसांत इंद्रभानच्या एका नंबरावर किती माणसं चढली? एकशे त्रेसष्ट! आजही कुठल्यातरी ऑफिसातल्या कॉम्प्युटरात आमचा इंद्रभान म्हणजे एकशे त्रेसष्ट माणसं आहे. तो दोन वर्षांचा आहे आणि एक्याण्णव वर्षांचाही आहे. चार ठिकाणी गरोदर आहे, त्यातल्या एका ठिकाणी सातवा महिना लागलेला आहे, आणि त्याच वेळी त्याची प्रोस्टेटची गाठही वाढलेली आहे. आणि कोणी साहेब पंख्याखाली बसून ते पाहतो आणि लिहितो, 'काम समाधानकारक'.

अंगठा लावायच्या आधी कलाबाई थांबली, बरं का. शिकलेली नाही, पण थांबली. आपण शिकलेले कधी थांबतो? आपण खाली जाऊन 'मान्य' दाबतो, वाचतो का? ती म्हणाली,

'बाबू, हे कोनाले कळनार नाही ना? मी लेकराईचं रांधतो.'

'काकू, माहिती एकदम गोपनीय राहते. सगळं सर्व्हरवर जाते.'

'कोनाच्या घरी?'

'घरी नाही हो. वर, वर.'

कलाबाईनं वर पाहिलं. वर थांब्याचा पत्रा होता. त्याला भोक होतं.

आठव्या दिवसापासून मेसेज सुरू. टिंग! टिंग! टिंग! पहिल्या दिवशी इंद्रभान घरोघरी गेला. खरंच गेला! पुंजाजीच्या दारात जाऊन, म्हाताऱ्याच्या कानाशी लागून हळूच सांगितलं. पण पुंजाजीला कमी ऐकू येतं, त्यामुळं ते हळूच शेजारच्या पाच घरांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी इंद्रभानचे गुडघे बोलायला लागले. तिसऱ्या दिवशी सत्तावीस मेसेज! मग माणूस काय करेल? त्यानं थांब्यात स्टूल टाकलं. सकाळी एसटीच्या वेळेला तसेही लोक जमतात, तिथंच वाचून टाकायचं. सेवा! एक रुपया घेतला नाही हो त्यानं. उलट चहा पाजला.

आणि वाचायचा कसा, तुम्हाला सांगते, कीर्तनकार झक मारेल! 'ऐका हो! प्रिय लाभार्थी पुंजाजी, आपली रक्तशर्करा तीनशे दहा!... बुढेबा, तीनशे दहा! परवा तेरवीले बुंदीचे लाडू किती हानले?' 'मले तं जबरदस्तीनं वाढले बाप्पा!' सगळा थांबा हसतोय. मग वाहेदचाचा, सायकलचं पंक्चर काढतात ते. 'वाहेद, मानसिक ताण, मध्यम!' तर चाचा भडकले, 'मध्यम? मध्यम कैसा लिखा? मेरे साले का पूरा खानदान आठ दिन से घर में बैठा है, और ये बोलता मध्यम! वापस लिखाओ, जास्ती लिखाओ!' एसटीचा ड्रायव्हर इंजिन बंद करून ऐकायला लागला. काल कोणाचं राहिलं होतं, आज कोणाचं आलं, खामगावला जाणाऱ्या बाया आधीची गाडी सोडून या गाडीला यायला लागल्या. आणि प्रत्येक मेसेजच्या शेवटी, इमानदार माणूस ना, एक अक्षर गाळायचा नाही, मोठ्यानं वाचायचा: 'आपली माहिती गोपनीय ठेवली जाईल!'

बंद करा म्हणालं कोणी? आं? ज्याचा वाचला तो लाल-पिवळा होऊन घरी जायचा, भांडी आपटायचा, 'काही लाजलज्जा हाये का नाही या गावाले?' आणि दुसऱ्या दिवशी आठ वाजता पुढच्या जागेवर! आपलं झाकलं पाहिजे आणि दुसऱ्याचं दिसलं पाहिजे, एवढीच तर आपली गोपनीयतेची मागणी आहे, दुसरी काय आहे? मी काही वेगळी नाही. आमचं घर थांब्यासमोर. मी दात घासायला ओट्यावर यायची. तुम्हाला सांगते, त्या पंधरा दिवसांत माझ्या दातांइतके स्वच्छ दात अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात कोणाचे नव्हते.

आणि मग तो मंगळवार.

'ऐका हो! प्रिय लाभार्थी कलाबाई. आपण क्षयरोग संशयित आढळला आहात. थुंकीच्या तपासणीसाठी त्वरित संपर्क साधावा. आपली माहिती...' इथं पहिल्यांदा इंद्रभाननं मान वर करून शाळेच्या दिशेनं पाहिलं. 'आपली माहिती गोपनीय ठेवली जाईल.'

कंडक्टरनं घंटी दिली. गाडी गेली. 'संशयित' हा शब्द मात्र थांब्यातच राहिला, तो कोणी गाडीत घेतलाच नाही. गाडीत बसला तो नुसता 'टीबी'. आणि कलाबाई कुठं होती? ती शाळेत चूल पेटवत होती. सकाळी आठला तिला कुठली फुरसत? वाटाणे भिजले का ते पाहत होती.

त्या दिवशी अकरा वाजता ठसका उठला, कलाबाई खोकली, आणि ताटं निघालीच नाहीत. दप्तरातून डबे निघाले. स्टीलचे, प्लास्टिकचे, एकानं तर औषधाच्या खोक्यात पोळी आणलेली. बासष्टांची खिचडी, खाणारे चार. दुसऱ्या दिवशी खाणारं कोणी नाही. आणि कलाबाईनं काय केलं? तिला काय वाटलं असेल, सांगा? तिला वाटलं, मीठ चुकलं! तिनं चाखली. पुन्हा चाखली. रात्रभर तिच्या डोक्यात मीठ. तिसऱ्या दिवशी घरचे शेंगदाणे भाजून आणले, कूट करून टाकलं. चौथ्या दिवशी तिखट कमी केलं. पाचव्या दिवशी कोथिंबीर. पातेलं भरलेलं ते भरलेलं. संध्याकाळी शाळेमागं कुत्र्यांना ओतलं, आणि कुत्र्यांनी खाल्लं, पोटभर खाल्लं, चाटून खाल्लं. कुत्र्यांना मेसेज आलेला नव्हता.

दुसरीतली छकुली, जी तीनदा घेणारी, ती डबा मांडीवर घेऊन पातेल्याकडं नाक करून बसलेली.

'काऊन वं छकुले, नाही आवडत का आता?'

'आवडते.'

'मंग?'

'आईनं शपत घातली.'

'कायची शपत?'

'सांगाची नाही म्हने.'

पाहा! सात वर्षांची पोरगी. तिनंसुद्धा माहिती गोपनीय ठेवली!

आणि हीच तर गंमत आहे, तुम्हाला सांगते, गावानं ठेवली हो गोपनीय! कोणापासून? कलाबाईपासून! सगळं गाव एका बाजूला, आणि ज्याचा आजार तो माणूस दुसऱ्या बाजूला, आणि मधी ही भिंत. ती नळावर गेली की बाया हंडे उचलून मागं व्हायच्या. 'या कलाबाई, तुमी आधी भरा.' चार हात लांबून! तिला वाटलं वयाचा मान आहे. ती त्यांना म्हणाली, 'लई चांगल्या पोरी हायेत माय तुमी.' संध्याकाळी थांब्यापाशी शेजारच्या नूरजहांभाभीच्या फोनवर लोणारहून लेकीचा फोन आला. 'आई, यंदा दिवाळीले पोट्टं नाही येत.' 'काऊन वं?' 'अभ्यास हाये त्याले.' पोट्टं तीन वर्षांचं! कलाबाई भाभीला सांगते, 'आमचा नातू हुशार निंघाला, आताच अभ्यास करून राह्यला.' आणि भाभीला सगळं माहीत. भाभी काय म्हणाली? 'माशाल्ला.' आणि फोन पदरानं पुसून घेतला.

आठव्या दिवशी मुख्याध्यापक भागवत सरांनी बोलावलं. सर खाली पाहतात, पेनचं टोपण उघडतात, लावतात.

'कलाबाई, थोडे दिवस आराम करा.'

'सर, मिठ जास्त झालं का?'

'नाही नाही. मीठ बरोबर आहे.'

'मंग काऊन?'

'ते... गोपनीय आहे.'

'कोनाचं?'

'तुमचंच.'

'मायं हाये तं मले सांगा ना, सर!'

'नियम नाही, कलाबाई. व्यक्तिगत माहिती आहे.'

आणि पळी ठेवून घेतली. तात्पुरती म्हणे. दुसऱ्या दिवशीपासून चुलीपुढं पुष्पांजली, आमच्या सरपंचबाईंच्या यजमानांची, भाऊरावांची चुलत सून. तीही तात्पुरतीच. आपल्याकडं सगळं तात्पुरतंच असतं, मरेपर्यंत.

नवव्या दिवशी कलाबाई उपकेंद्रात गेली, सुवर्णा सिस्टरकडं. गावाच्या या टोकाला थांबा, त्या टोकाला उपकेंद्र. तिनं विचारलं, 'ताई, मले काय झालं हाये? गाव मायासंगं असं काऊन वागून राह्यलं?' सुवर्णा सिस्टरनं कॉम्प्युटर पाहिला. 'तुमाले तं मेसेज गेला ना! पोचला बी हाये, हे पाहा, बरोबरची खूण.' 'मायापाशी फोन नाही ताई.' 'मंग ओटीपी लागंन. रिपोर्ट उघडाले ओटीपी लागते. गोपनीय असते ना!' बटण दाबलं. ओटीपी गेला. कुठं? इंद्रभानच्या खिशात!

दोन मिनिटांची मुदत. पंचावन्न वर्षांची बाई, धुरानं भरलेली छाती, निघाली पळत. देवळावरून, गिरणीवरून, थांब्यात. 'इंद्रभानभाऊ, नंबर!' 'चार सात एक नऊ दोन दोन!' पुटपुटत परत. पोचली तोवर मुदत संपली. पुन्हा बटण, पुन्हा पळत, पुन्हा संपली. खोकून खोकून डोळे बाहेर. तिसऱ्यांदा मग गावालाच दया आली, काही म्हणा, गाव दयाळू आहे! साखळी लावली. इंद्रभान थांब्यातून ओरडला, पंक्चरच्या दुकानातून वाहेदचाचांनी उचललं, 'आठ! शून्य! तीन!' गिरणीवाल्यानं गिरणी बंद करून पुढं दिलं, देवळापाशी भजनी मंडळ बसलं होतं त्यांनी तालात पुढं दिलं. अख्ख्या गावानं घसा फोडून कलाबाईची गुप्त किल्ली कलाबाईपर्यंत पोचवली. कुलूप उघडलं! मग सुवर्णा सिस्टर उठली, तिनं दार लावलं, खिडकी लावली, कारण नियम आहे, आणि बाहेर जमलेल्या चाळीस माणसांना ऐकू जाऊ नये म्हणून कानात सांगितलं: टीबीचा संशय आहे. नुसता संशय. थुंकी द्या, तपासू.

सुवर्णा सिस्टरनंच मला नंतर सांगितलं. तिला वाटलं, बाई रडेल. कलाबाई रडली नाही. म्हणाली, 'हे कवाचं?' 'नऊ दिवस झाले.' तर ती बोटांवर मोजायला लागली. नळ. शपत. नातवाचा अभ्यास. भाभीचा पदर. एकेक बोट मुडपत गेली, आणि करंगळीशी येऊन थांबली.

'म्हंजे मिठ बराबर होतं,' म्हणाली.

थुंकी दिली. दोनदा दिली. खामगावला जाऊन छातीचा फोटो काढला. इकडं त्याच दिवसांत इंद्रभानच्या फोनवर टिंग! 'ऐका हो! प्रिय लाभार्थी भाऊराव. आपण दररोज मद्यपान करत असल्याचे नोंदवले आहे...' झालं! फॉर्म भरताना भाऊराव घरी नव्हते, फोनही त्यांच्यापाशीच, म्हणून नंबर इंद्रभानचा; उत्तरं दिली त्यांच्या बायकोनं, म्हणजे खुद्द सरपंच आशाबाईंनी. 'दारू?' 'हाव.' 'किती वेळा?' 'सूर्य मावळते तितल्या वेळा.' खरं बोलली बाई, फॉर्मवर लिहिलं होतं ना गोपनीय! आणि ते भर थांब्यात, एसटी उभी असताना, आणि गाडीत पिंपळगाव राजाचे त्यांचे व्याही!

पुंजाजीची शुगर गेली, वाहेदचाचांचा ताण गेला, कलाबाईची पळी गेली, तेव्हा काही झालं नव्हतं. भाऊरावांची अब्रू गेली आणि चौथ्या दिवशी ग्रामसभा! भाऊराव टेबलावर मूठ आपटतात: 'मानसाची काही खाजगी इज्जत हाये का नाही? हा मूलभूत अधिकार हाये!' एका सकाळीत माणूस घटनातज्ज्ञ झाला. ठराव मांडला. 'आजपासून कोणाच्याही आरोग्याविषयीची कोणतीही माहिती गावात कोणत्याही सार्वजनिक ठिकाणी वाचली, दाखवली वा सांगितली जाणार नाही.' काय भाषा! काय ताकद! कोणी लिहिला मसुदा? आता तुमच्यापासून काय लपवायचं, मीच लिहिला. कॉलेज शिकलेय ना मी. भाषणही केलं. कलाबाईचं नाव न घेता, कारण गोपनीय, पण तिच्यावरच सगळं. म्हटलं, एका आईच्या हातातली पळी आपण हिसकावली! टाळ्या पडल्या हो. सगळ्यात मागं चपलांपाशी कलाबाई बसली होती, एकटी, भोवती चार हात जागा रिकामी. तीही टाळ्या वाजवत होती. तिला वाटलं, तिच्यासाठी आहे. मलाही वाटलं.

ठराव सोमवारी झाला. बुधवारी तिचा रिपोर्ट आला.

काही नाही! टीबी नाही, टीबीचा मागमूस नाही. धूर आहे, अकरा वर्षांचा. शिक्क्याचा कागद, सुवर्णा सिस्टरची सही. कलाबाईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि कागद घेऊन आधी शाळेत. भागवत सरांनी लांबूनच हात जोडले. 'कलाबाई, मला आनंदच आहे. माझं काही म्हणणं नाही. पण पालकांना कळलं पाहिजे ना? गावाला कळू द्या, मी उद्याच्या उद्या पळी तुमच्या हातात देतो.'

गावाला कळू द्या! गावाला कळायची जागा कुठली? गुरुवारी सव्वाआठला कलाबाई थांब्यात. सगळे होते. सवय हो, वाचन बंद झालं तरी माणसं यायची थांबतात का? तिनं कागद इंद्रभानपुढं धरला.

'वाच भाऊ. मोठ्यानं वाच. तवा वाचलं तस्संच वाच.'

इंद्रभानच्या स्टुलामागं भिंतीवर माझा ठराव चिकटवलेला. झेरॉक्स. त्यानं ठरावाकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं.

'तुहा मेसेज बी आला हाये, कलाबाई. लई चांगला हाये. मी मनातल्या मनात वाचला.'

'मनात नोको ना भाऊ. मोठ्यानं.'

'नाही जमत माय. गोपनीय हाये आता.'

ती फिरली. ज्याच्यापुढं कागद धरावा तो मान वळवतो. बाया आभाळ पाहायला लागल्या. भाऊराव, सकाळची वेळ, शुद्धीत होते, समजुतीनं म्हणाले, 'कलाबाई, ज्याची माहिती त्यानं घरात ठेवावी. अशी चारचौघात दाखवत फिरनं शोभते का बाईमानसाले?' मग तिनं आमच्या ओट्याकडं पाहिलं. माझ्याकडं. तोंडात ब्रश होता माझ्या. नुसता कागद वर केला, असा. मी वाचू शकले असते, तुम्हाला सांगते, तिथून मला सगळी अक्षरं दिसत होती, माझा आवाज ग्रामसभेत शेवटच्या चपलेपर्यंत पोचला होता... पण ठराव माझाच. मी घरात गेले. चूळ भरायला.

गाडी आली. गाडी गेली. पुष्पांजली अजून तात्पुरतीच रांधते, तिला खोकला नाही, पोरं ताटं काढायला घंटेची वाट पाहतात. आणि त्या दिवशी थांबा रिकामा झाल्यावर तिथं एकटा पुंजाजी उरला होता, खिशातून बुंदीचा लाडू काढून चोरून खात. त्याला वाचता येत नाही. त्यानंच कागद हातात घेतला. उलटा पाहिला, सुलटा पाहिला, शिक्क्यावर बोट फिरवलं, घडी घातली, आणि परत कलाबाईच्या हातात दिला.

'कागद चांगला दिसते, कलाबाई. पेटीत ठेव जपून. कोनाले दाखवू नोको, जमाना लई खराब हाये.'